पाठाची मुलगी

"आता चुकू का, ताई?"

भिंगरीनं हे इतक्या हळू विचारलं की शेजारच्या टेबलावर ठोकळे मोजणाऱ्या मुलीला ते ऐकूही गेलं नाही. बुटक्या टेबलावर तीन डबे मांडलेले होते, लाल, निळ्या आणि पिवळ्या झाकणांचे, आणि भिंगरीच्या हातातला निळा ठोकळा लाल डब्यावर अधांतरी थांबला होता. ती डब्याकडे बघत नव्हती, माझ्या पेनाकडे बघत होती. खिडकी लावू का, दिवा मालवू का, असं घरातलं माणूस विचारतं ना, तसा तो प्रश्न होता. त्यात खोडी नव्हती आणि भीतीही नव्हती. आणि मी "हं" म्हटलं. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर मुलांच्या कुठल्याही "करू का"ला तोंडातून आपोआप हं निघतं, तसं ते निघालं. तिनं निळा ठोकळा लाल डब्यात ठेवला. मग पिवळा निळ्यात. मग एक लाल बरोबर लालमध्ये, कारण सगळंच चुकलं तरी वाईट दिसतं, हे तिला कुठून तरी ठाऊक होतं. बारा ठोकळे संपल्यावर तिनं हात मांडीवर ठेवले आणि काम झाल्याच्या चेहऱ्यानं वर पाहिलं. मी पूर्वचाचणीच्या रकान्यात बारापैकी तीन लिहिलं. मग पाठाच्या टाचणात ठरवल्याप्रमाणे मी तिला लाल दाखवला, निळा दाखवला, तिच्याकडून म्हणवून घेतलं, बोट धरून डब्यावर नेलं. आणि उत्तरचाचणीत भिंगरीनं बाराच्या बारा ठोकळे पटापट, जवळजवळ न बघता, आपापल्या डब्यात टाकले. आलेखाची रेघ जिना चढल्यासारखी वर गेली. मागे उभ्या असलेल्या आमच्या कॉलेजच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "वा, फार छान पाठ झाला." मी भिंगरीच्या हातावर कागदाची चांदणी चिकटवली आणि पुढच्या शिकाऊ मुलीसाठी टेबल रिकामं करून दिलं.

भिंगरीचं ते वाक्य मला लागलं ते बाहेर, रस्ता ओलांडताना. माणूस चालण्याचा हिरवा दिवा लागला होता, सगळे निघाले, आणि मी मध्येच उभी राहिले. मागून एका माणसानं धक्का दिला, "आजी, चला की!" म्हणाला, आणि मी चालले, पण कुठे चालले ते मला कळत नव्हतं. आता चुकू का. म्हणजे तिला येतं. म्हणजे आज तिला ते मी शिकवलं नाही. काल माझ्या वर्गातल्या त्या उंच मुलीनं शिकवलं नाही, परवा त्या चष्मेवालीनंही नाही. आम्ही सगळ्याजणी पाळीपाळीनं त्याच टेबलाशी बसलो, त्याच पोरीला तेच तीन रंग शिकवले, आणि आमच्या वह्यांमधून त्याच एका रेघेच्या पन्नास बहिणी वर चढत गेल्या. रस्त्याच्या पलीकडे चपलांच्या दुकानाच्या काचेत मी मला दिसले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रंगीत कागद, कात्री, डिंकाची बाटली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पोरीसोरींच्या वर्गात पदव्युत्तर पदवीला बसलेली. आत्तापर्यंत मला त्या रूपाचं हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

मी हे का शिकायला घेतलं, ते विचारणारे पुष्कळ होते. प्राथमिक शाळेत सगळी नोकरी झाली, निवृत्त झाले, आता स्वस्थ बसावं. पण माझ्या जुन्या शाळेत तळमजल्याला एक खोली होती, मोडकी बाकं टाकायची. शाळेच्या दारावरून दरवर्षी दोन-चार मुलं परत जायची. कुणाला बोलता येत नाही, कुणी एका जागी बसत नाही, कुणाला आपलं नाव ओळखता येत नाही. "आमच्याकडे सोय नाही" हे वाक्य मी त्या आयांना इतक्यांदा ऐकताना पाहिलं होतं की मुख्याध्यापक ते बोलायच्या आधीच बायका पोराचा हात धरून वळायच्या. शेवटी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, ती खोली मला द्या. ते म्हणाले, "खोली तुमचीच बाई, पण तुमच्याकडे परवाना हवा. विशेष शिक्षणाची पदवी आणि परवाना असल्याशिवाय मी तुम्हाला त्या मुलांना हातसुद्धा लावू देऊ शकत नाही. आणि या वर्षात नाही झालं, तर तिथे संगणक येतील." म्हणून मी दोन वर्षं ही पिशवी वाहत होते. शेवटचा पाठ बाहेरच्या परीक्षकासमोर, तो पार पडला की पदवी, पदवीवर परवाना, परवान्यावर ती खोली. सगळं एकाला एक बांधलेलं. आणि सगळ्याच्या तळाशी, आता मला कळत होतं, लाल डब्यात निळा ठोकळा ठेवणारा भिंगरीचा हात होता.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. हे खुर्चीत बसून नखं कापत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पोरगी तुमच्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे."

"हसू नका. ती चार वर्षं त्याच खोलीत आहे."

"मग? पुढे का नाही पाठवत?"

"कारण पाठाला लागते. तिच्याइतकं शहाण्यासारखं कुणी बसत नाही. बाकीची मुलं परीक्षकाला बघून टेबलाखाली जातात."

यांनी नखं कागदात गुंडाळली. "हे बघ, तुला पास व्हायचंय की भांडायचंय? दोन्ही एकदम नाही जमायचं. आधी ते लायसन्स खिशात घाल, मग काय घालायच्या त्या शिव्या घाल."

शहाणपणाचं बोलणं होतं. मला त्या शहाणपणाचा असा राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी पुन्हा घासली. कारण हेच सगळे म्हणत होते. आधी पास हो. प्रत्येक जण आधी पास होऊन गेला होता, आणि पास झाल्यावर कुणी शिव्या घालायला परत आलं नव्हतं.

त्या रात्री नळाच्या धारेखाली हात धरून उभी असताना मला दादा आठवला. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता, पण लहान मी नव्हते, तो होता, हे मला फार लवकर कळलं होतं. त्याचे शब्द जड होते, बोटं जाड आणि मऊ होती, शाळेत तो गेला नाही. वडिलांनी त्याला एक गोष्ट शिकवली. पाहुणे आले की दाराशी उभं राहून, हात पुढे करून म्हणायचं, "या, बसा. पाणी घ्या." हे शिकवायला वडिलांना एक अख्खा उन्हाळा लागला. आणि मग ते आलं. पाहुणे खूश व्हायचे. बायका डोळे पुसायच्या. "किती गोड बोलतो हो!" वडिलांची मान ताठ व्हायची. आणि त्यानंतर, मरेपर्यंत, दादाला कुणी दुसरं काही शिकवलं नाही. शिकवायची गरजच उरली नव्हती. त्याला येत होतं ना! मी लग्न होऊन गेले, परत आले, तो दाराशी उभा: या, बसा. दवाखान्याच्या खाटेवर, नाकात नळी असताना डॉक्टर आत आला तर दादानं हात पुढे केला: या, बसा. डॉक्टर हसला. नर्स म्हणाली, किती शहाणं माणूस आहे. मला तेव्हा वाटलं होतं, खाट उचलून खिडकीबाहेर फेकावी. माणसाला एक वाक्य देऊन ठेवायचं आणि जन्मभर त्याच वाक्यावर त्याला उभं करायचं, वर त्याचं कौतुक करायचं. मारहाणीला निदान मारहाण तरी म्हणतात. या कौतुकाला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी मी भिंगरीला सराववर्गाच्या कोपऱ्यात, पडद्यामागे घेऊन बसले. तिला भिंगरी हे नाव तिथल्या सफाईवाल्या मावशींनी दिलं होतं. आली तेव्हा दिवसभर स्वतःभोवती फिरायची म्हणे. आता अकरा वर्षांची होती, फिरत नव्हती, कुठे बसवाल तिथे बसायची. सगळ्या शिकाऊ शिक्षिकांना ती ताई म्हणायची, मलाही. या वयात मला ताई म्हणणारी जगात ती एकटीच. मी तिच्यापुढे डबे ठेवले. "भिंगरे, आज आधीच बरोबर कर. पहिल्यांदाच."

तिनं मान हलवली. नाही.

"का गं? तुला येतं ना?"

"येतं."

"मग?"

तिनं पडद्याकडे पाहिलं, पलीकडे कुणी आहे का ते. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "पहिल्यांदा बरोबर आलं की ताई रडते."

कोण रडलं, ते मला उंच मुलीनं सांगितलं. वर्गात तिला सगळे जिराफ म्हणायचे, तीही म्हणवून घ्यायची. आम्ही दोघी जिन्याखाली बसून रंगीत कागद कापत होतो. "काकू, ते आमच्या आधीच्या बॅचचं आहे. एकीच्या पाठाला हिनं पूर्वचाचणीतच बारा केले. मग शिकवणार काय? प्रगती दाखवणार काय? आलेख सपाट. ती तिथेच, परीक्षकासमोर, हमसून हमसून रडली. नापास झाली. तेव्हापासून ही आपली..." जिराफनं कात्रीनं निळ्या कागदाचा एक लांब पट्टा कापला. "समजूतदार आहे हो पोरगी."

समजूतदार! मला तो शब्द तिच्या हातातून कात्रीसकट काढून घ्यावासा वाटला. एक परकी बाई आपल्यामुळे रडली, एवढंच त्या पोरीनं पाहिलं, आणि तेव्हापासून ती आलेल्या प्रत्येक बाईला रडण्यापासून वाचवत होती. ती आमच्यावर दया करत होती. आणि आम्ही, टाचणं लिहिणाऱ्या, उद्दिष्टांना क्रमांक देणाऱ्या, सहानुभूती आणि सहवेदना यांतला फरक दहा मार्कांना लिहून आलेल्या, ती दया खिशात घालून दुसऱ्या दिवशी बसच्या रांगेत उभ्या राहत होतो. त्या खोलीत चार वर्षांत भिंगरीला खरोखर शिकवलेली गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे चुकणं.

मी विभागप्रमुख बाईंकडे गेले. त्यांच्या टेबलावर काचेखाली मागच्या तुकड्यांचे फोटो होते, आणि प्रत्येक फोटोत, पुढच्या रांगेत, मध्यभागी, भिंगरी. दरवर्षी थोडी उंच. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. त्या वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. त्यांनी मला प्रवेश दिला तेव्हा वयाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

"अहो बाई, तुम्ही एवढ्या अनुभवी. तुम्हाला मी काय सांगू? मला दरवर्षी तीस शिक्षक बाहेर काढायचेत. तीस शिक्षक म्हणजे किती मुलांची सोय झाली, धरा हिशेब. त्यासाठी एक मूल या खालच्या वर्गातच बसलं..."

"बसलं नाही, बसवलं."

"बरं, बसवलं. तिला इथे त्रास आहे का? सगळ्यांची लाडकी आहे. वरच्या वर्गात गेली तर कोपऱ्यात पडेल."

"तिच्या आईला माहीत आहे?"

"आईला आनंदच आहे. दर वर्षी प्रगतीचा आलेख बघते ना!"

त्या हसल्या. मग माझ्याकडे बघून त्यांचं हसू विझलं आणि त्या जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "तुमचा पाठ परवा सकाळी पहिला आहे. भिंगरीच दिलीय तुम्हाला. मुद्दाम. वयाचा मान म्हणून."

परवाची सकाळ आली. परीक्षक बाहेरगावहून आले होते, सुटसुटीत माणूस, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. ते भिंतीला लावलेल्या खुर्चीत बसले, मांडीवर फळी, फळीवर गुणपत्रक. विभागप्रमुख त्यांच्या शेजारी. भिंगरी केस चापून बसलेली, हात मांडीवर. मी डबे मांडले. ठोकळे मांडले. तिनं पहिला ठोकळा उचलला, निळा, आणि माझ्याकडे पाहिलं. मी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले आणि हसले. पोटातून, खरंखुरं हसले, कारण तिला माझ्या डोळ्यांत पाणी शोधायचं होतं आणि ते तिथे नाही हे तिला नीट दिसायला हवं होतं. तिचा हात लाल डब्यावर गेला. थांबला. मी हसतच राहिले. मग हात सरकला आणि निळा ठोकळा निळ्यात पडला. टक्. तिनं लगेच माझा चेहरा तपासला. पुन्हा एक. टक्. पुन्हा चेहरा. पाचव्या ठोकळ्यानंतर तिनं चेहरा बघणं सोडून दिलं आणि उरलेले सगळे एका दमात टाकले.

"बारा," मी म्हटलं. "हिला रंग येतात, सर. आज शिकलेले नाहीत. केव्हाचेच येतात. तुम्ही पाहिलंत."

परीक्षकांनी फळीवरून मान वर केली. "मग तुम्ही शिकवणार काय?"

टाचणात जे होतं ते संपलं होतं. मी भिंगरीलाच विचारलं, "तुला काय शिकायचंय?" आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. ते आनंद वगैरे काही नव्हतं. बावचळलेपण होतं. हा प्रश्न तिच्या ओळखीचाच नव्हता. ती खोलीभर बघत राहिली आणि शेवटी तिनं साहित्याच्या कपाटाकडे बोट केलं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली मी मागून घेतली. पाठाचा उरलेला वेळ आम्ही दोघी कपाटासमोर जमिनीवर बसून त्या कुलपाशी झटलो. किल्ली उलटी जायची, अर्धी अडकायची, ती चिडायची, मला ढकलून द्यायची, पुन्हा किल्ली मागायची. कुलूप उघडलं नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तिचं बोट लाल झालं होतं आणि ती कुलपाकडे अशी रागानं बघत होती, जसं तिनं त्या खोलीत कशाकडेच कधी बघितलं नसेल.

"प्रगती शून्य," परीक्षक सौम्यपणे म्हणाले. "पण काळजी करू नका. तुमचा अनुभव बघतो मी. काहीतरी करू." आणि विभागप्रमुखांकडे बघून, "बाकीचे पाठ वेळेवर सुरू करा हं."

काहीतरी करू. मी व्हरांड्यात येऊन बाकावर बसले आणि ते दोन शब्द चघळत राहिले. म्हणजे परवाना मिळणार होता. खोली मिळणार होती. आणि त्यांनी पाहिलंही होतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की पोरीला येतं. आता तिला खाली ठेवणं कुणाला शक्य नाही, असं मी मनाशी म्हणत होते. माझा राग थोडा बसत चालला होता. जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर जिराफचा पाठ. ती माझ्या समोरून गेली, हातात तेच डबे, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, रागवू नका. माझ्या घरी सगळे वाट बघतायत." मला आधी कळलं नाही. मग दाराच्या काचेतून मी आत पाहिलं.

भिंगरी त्याच जागी बसली होती. जिराफच्या ओठांवरचा घाम मला बाहेरून दिसत होता, तर भिंगरीला किती जवळून दिसत असेल. तिनं निळा ठोकळा उचलला. लाल डब्यात ठेवला. पिवळा निळ्यात. हळूहळू, काळजीनं. आणि खुर्चीत तोच माणूस बसला होता, पांढऱ्या सदऱ्याचा, ज्यानं जेवणाआधी याच हाताला बाराच्या बारा टाकताना पाहिलं होतं. तो बघत होता. त्याची भुवईसुद्धा हलली नाही. त्यानं खिशातलं पेन काढलं, पूर्वचाचणीच्या रकान्यात आकडा लिहिला आणि पान उलटलं.

मी दार उघडलं. परीक्षा चालू असताना आत यायचं नसतं, हे मला इतर सगळ्यांइतकंच ठाऊक होतं. विभागप्रमुख अर्धवट उठल्या. जिराफ म्हणाली, "काकू, प्लीज." मी त्या कुणाशीच बोलले नाही. "भिंगरे, ऊठ. वर जाऊ."

ती उठली नाही. माझ्याकडे बघून, मला न कळलेली गोष्ट समजावून द्यावी तशी म्हणाली, "अजून बरोबर करायचं राहिलंय."

"राहू दे."

"ही रडेल."

"रडू दे. ती मोठी आहे. तिचं ती बघेल."

जिराफ खरंच रडत होती. मला तिचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही मी हात पुढे केला. भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हातातला पिवळा ठोकळा जिराफच्या ओंजळीत दिला आणि उठली. मागून परीक्षकांचा आवाज आला, सकाळइतकाच सौम्य, "बाई, याचा अर्थ तुम्हाला समजतोय ना? मला मग काहीच करता येणार नाही." समजत होता. तळमजल्याची ती खोली, मोडकी बाकं, दारातून वळणाऱ्या बायका, सगळं मला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी कठड्याला धरून थांबले. मी केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही कुणी विचारू नये. मी त्या मुलांची खोली घालवली असेन. पण दुसऱ्यांची खोली हिला खुंटीला टांगून मिळणार असेल, तर ती मी कुठल्या तोंडानं उघडली असती?

भिंगरी जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती. वरच्या वर्गाचं दार उघडं होतं. आत बरीच मुलं होती, कुणी ओरडत होतं, कुणी कागद फाडत होतं, एक मुलगा बाकावर डोकं आपटत होता आणि तिथली शिक्षिका त्याच्या कपाळाखाली आपला तळवा धरून दुसऱ्या हातानं फळ्यावर लिहीत होती. कुणालाही फोटोत मध्यभागी बसवावं अशी ती खोली नव्हती. शिक्षिकेनं आमच्याकडे पाहिलं. "काय हो? ही खालची ना? हिला काय काय येतं?"

मी तोंड उघडलं. पण भिंगरीनं माझा हात सोडला होता. ती बाकांच्या मधून चालत गेली, दोन मुलं बसलेल्या एका बाकापाशी थांबली, कडेच्या मुलाच्या खांद्याला बोटानं टोचलं आणि मोठ्यानं, खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सरक."

तो सरकला नाही. तिनं त्याला ढकललं. तो "ए!" म्हणून ओरडला आणि सरकला. ती बसली.

खालून विभागप्रमुखांची हाक आली, "बाई, खाली या!" मी येते म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले.